ॲप करणारे आणि ॲप वापरणारे

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात जानेवारी २०२६ मध्ये एका ज्येष्ठ सभासदांनी केलेले भाषण. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



मला वीस मिनिटं दिली आहेत. लहान मुलं नाचाचे कपडे घालून बाजूच्या खोलीत तयार आहेत, तेव्हा वेळ पाळणं माझ्या हिताचं आहे.

विषय मीच मागून घेतला. मागच्या सर्वसाधारण सभेत आपण ठराव केला, की येत्या एप्रिलपासून नोटिसा, मेंटेनन्सची बिलं, तक्रारी, हॉलचं बुकिंग, गेटवरची नोंद, सगळं एका ॲपवर न्यायचं. मी त्या ठरावाच्या बाजूने हात वर केला होता आणि आजही बाजूनेच आहे. पण गेले दोन महिने मी काय ऐकतोय? कट्ट्यावर ज्येष्ठ म्हणतात, "हे आपल्यासाठी नाही हो." आणि लिफ्टमध्ये तरुण म्हणतात, "काका, इतकं सोपं आहे, एकदा बघून तर घ्या." दोघंही खरं बोलतायत, पण एकमेकांपर्यंत काही पोचत नाही. आज त्यावरच बोलणार आहे.

आपण इथे राहायला आलो २००१ साली. तेव्हाचं पिंपळे सौदागर आठवा. कोकणे चौकापासून पुढे शेतं दिसायची, पावसाळ्यात चिखल तुडवत यावं लागायचं, रिक्षावाले यायला नाखूष असत. पहिले सभासद बहुतेक टेल्को, बजाज, एच.ए. इथले कामगार आणि अधिकारी, काही शिक्षक, आणि आमच्यासारखे बँकवाले. हिंजवडीचं आयटी पार्क तेव्हा उभं राहत होतं. पुढे ते वाढलं आणि आपली सोसायटीही बदलली. आज एका मजल्यावर चार दारं असली तर दोन दारांमागे कोणी ना कोणी सॉफ्टवेअरमधलं असतंच. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा आणि प्रोग्रॅमला घाबरणारा, दोघं एकाच डायनिंग टेबलवर जेवतात. अशी सोय साऱ्या जगात कमी ठिकाणी असेल! तरीसुद्धा संवाद होत नाही. का होत नाही, हे मला माझ्या नोकरीमुळे थोडंफार कळलं आहे.

मी बँकेत लागलो तेव्हा सगळं हाताने. लेजर, डे बुक, स्क्रोल, टोकन. संध्याकाळी रोकड जुळली नाही तर घरी जायचं नाही. १९८३ साली संगणकीकरणाबाबत बँक कर्मचारी संघटनांशी करार झाला, १९८४ मध्ये डॉ. रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग हळूहळू शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसू लागली. नोकऱ्या जातील म्हणून संघटनांना धास्ती होती आणि ती समजण्यासारखी होती. पुढे पूर्ण शाखा संगणकावर, मग कोअर बँकिंग. या प्रत्येक टप्प्यावर सॉफ्टवेअर कंपनीची तरुण मुलं आमच्याकडे यायची आणि विचारायची, "सर, तुमची प्रोसेस सांगा."

आता यातली गंमत ऐका. एक मुलगा विचारतो, "खात्यात पैसे नसताना चेक आला तर काय करता?" आमचा पासिंग ऑफिसर सांगतो, "परत करतो." मुलाने लिहून घेतलं : पैसे नाहीत, चेक परत. नियम तोच आहे. पण शाखेत खरोखर काय व्हायचं? जुना खातेदार असला, बाजारात पत असली, तर मॅनेजरसाहेब फोन उचलायचे : "शेठ, तुमचा चेक आलाय, बाराच्या आत भरणा करा." शेठजींचा माणूस धावत यायचा, पैसे भरायचा, चेक पास व्हायचा. शेठजींची अब्रू राहायची, बँकेचा खातेदार राहायचा. हे आमच्या ऑफिसरने त्या मुलाला का नाही सांगितलं? लपवायचं होतं म्हणून नाही. ते इतकं रोजचं होतं, की सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. आणि त्या मुलाने विचारलं नाही, कारण असं काही असू शकतं हेच त्याला माहीत नव्हतं. दोघंही हुशार, दोघंही प्रामाणिक. तरी त्या दोघांमध्ये जे राहून गेलं, त्याचा त्रास पुढे काउंटरवरच्या माणसाला आणि खातेदाराला झाला.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. जो काम करतो त्याला आपलं अर्धं काम दिसेनासं झालेलं असतं. आणि जो प्रोग्रॅम लिहितो, त्याला आपली स्क्रीन इतकी ओळखीची झालेली असते, की ती पहिल्यांदा बघणाऱ्याला कशी दिसते हे त्याला दिसत नाही. दोन्हीकडे सवयच आड येते. यात कोणाच्या अकलेचा प्रश्न नाही.

आता शब्दांकडे या. आपल्याच एका इमारतीतले काका एक दिवस घाबरेघुबरे होऊन माझ्याकडे आले. त्यांच्या मोबाईलवर मराठीत संदेश होता : "अवैध पासवर्ड". काका म्हणाले, "अहो, मी काही बेकायदेशीर केलं का?" हसू नका. अवैध शब्द आपण कुठे वाचतो? अवैध दारू, अवैध वाळूउपसा, अवैध वाहतूक. पोलिसांच्या बातमीतला शब्द आहे तो! इंग्रजीतल्या 'इनव्हॅलिड'चं कोणीतरी डिक्शनरी उघडून मराठी केलं आणि काम झालं असं समजलं. त्याऐवजी "पासवर्ड चुकला, पुन्हा टाका" एवढं लिहिलं असतं तर काकांचं ब्लडप्रेशर वाढलं नसतं. "प्रमाणीकरण अयशस्वी", "वैध क्रमांक प्रविष्ट करा" ही वाक्यं मराठी लिपीत आहेत, पण मराठी घरात कोणी असं बोलतं का?

लिपीचीही एक गोष्ट सांगतो. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यात केवढा फरक आहे! पहिल्या वाक्याने व्याख्यान होईल, दुसऱ्याने जेवण. हा आडवा रफार मराठीला लागतोच, पण तो संगणकावर कसा उमटवायचा याने लोकांना वर्षानुवर्षं छळलं. तसंच 'ॲ' या अक्षराचं. जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणारी युनिकोड नावाची व्यवस्था आहे. तिच्यात 'ॲ'ला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ साली. तोवर लोक दुसरीच अक्षरं जोडून काम भागवत होते. दिसायला सारखंच दिसे, पण शोधायला गेलं की सापडत नसे, कारण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. मराठी शाळेतल्या दुसरीच्या मुलालाही हे अक्षर ठाऊक असतं. पण ज्याला ठाऊक आहे त्याने जिथे सांगायला हवं तिथे सांगितल्याशिवाय यंत्राला ते कळत नाही.

नावांचं तर विचारूच नका. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. शाळेच्या दाखल्यावर बऱ्याचदा आडनाव आधी. लग्नानंतर बायकांचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काहींचं पहिलं नावही बदलतं. फॉर्ममध्ये मात्र रकाने ठरलेले. मग आधारवर एक, पॅनवर दुसरं, बँकेत तिसरं. संगणक म्हणतो, ही तीन माणसं. आणि आजी म्हणतात, "अरे, मी एकटीच आहे रे!" काउंटरवर बसून मी असे किती अर्ज पाहिले त्याला गणती नाही.

इथपर्यंत हसण्यावारी गेलं. पण गैरसमज पैशापर्यंत जातो तेव्हा हसू येत नाही.

यूपीआय २०१६ साली आलं. उत्तम व्यवस्था आहे, मीही भाजीवाल्याला त्यावरूनच पैसे देतो. तिच्यात एक सोय होती, 'कलेक्ट रिक्वेस्ट'. म्हणजे समोरच्याने आपल्याकडे पैशाची मागणी पाठवायची, आपण पिन टाकला की पैसे त्याच्याकडे जायचे. ज्यांनी ती केली त्यांच्या दृष्टीने अर्थ स्वच्छ होता : पैसे मागणारा 'कलेक्ट' करतो. पण जुनं कपाट विकायला काढलेल्या माणसाला फोन येतो, "काका, पैसे पाठवलेत, तेवढी रिक्वेस्ट ॲक्सेप्ट करा आणि पिन टाका." त्याला वाटतं, कलेक्ट म्हणजे आपण गोळा करायचे, आपल्याला मिळायचे. पिन टाकला, आणि खात्यातले पैसे गेले. चोराने कुठलंही कुलूप तोडलं नाही. करणाऱ्याच्या आणि वापरणाऱ्याच्या समजुतीत जी फट होती, तिच्यातून तो आत आला. शेवटी राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागायची ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. चांगलं केलं. पण ज्यांचे गेले त्यांचे गेले. म्हणून इथे बसलेल्या सर्वांना हात जोडून सांगतो : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन द्यायला लागतो. फसलात असं वाटलं तर लाज बाळगू नका, ताबडतोब १९३० नंबरला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

आणखी एक उदाहरण परदेशातलं आहे, पण बँकेत रोकड जुळवण्यात हयात गेलेल्या माणसाच्या ते काळजाला लागतं. ब्रिटनमध्ये छोटी पोस्ट ऑफिसं बहुतेक दुकानदार चालवतात. त्यात आपल्या भारतीय वंशाची माणसंही बरीच. १९९९ पासून त्यांच्याकडे 'होरायझन' नावाची संगणक व्यवस्था बसवली. काही ठिकाणी संध्याकाळी हिशेबात तूट दिसू लागली. पेटीत पैसे बरोबर, संगणकात कमी. ही माणसं मदतीच्या फोनवर सांगत राहिली, की काहीतरी गडबड आहे. त्यांतल्या अनेकांना उत्तर मिळालं, की असं फक्त तुमच्याकडेच होतंय, बाकी कोणाची तक्रार नाही. करारानुसार तूट त्यांनी भरायची. लोकांनी दागिने विकले, घरं गहाण टाकली. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आलं, काही जण तुरुंगात गेले. ॲलन बेट्स नावाच्या एका पोस्टमास्तराने सगळ्यांना एकत्र करून वर्षानुवर्षं लढा दिला. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने सांगितलं, की या व्यवस्थेतल्या दोषांमुळे खोटी तूट दिसू शकत होती. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तोवर काही जण हे जग सोडून गेले होते.

या प्रकरणात मला सर्वांत भयंकर काय वाटतं? सॉफ्टवेअरमध्ये चूक होती, हे नाही. चूक कुठेही होते. भयंकर हे, की वापरणारा माणूस "माझं बरोबर आहे, यंत्राचं चुकतंय" असं सांगत होता आणि यंत्राचा शब्द प्रमाण मानला गेला. ज्याला तांत्रिक भाषा येत नाही त्याचं म्हणणं म्हणजे अडाणीपणा, असं एकदा धरून चाललं की पुढे काहीही होऊ शकतं.

याच्या उलटही होतं, तेही सांगायला हवं. आम्ही पेन्शनर दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतो. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं, अंगठा टेकवला की दाखला तयार. कल्पना छान. पण वय झालं की बोटांवरच्या रेषा पुसट होतात. जन्मभर भांडी घासलेल्या, यंत्रावर काम केलेल्या हातांचे ठसे उमटतच नाहीत. माणूस समोर हजर, आणि यंत्र त्याला ओळखायला तयार नाही! २०२१ मध्ये चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आली, आणि आता अनेकांचं काम घरात बसून होतं. जो अनुभव वापरणाऱ्याच्या हाताला येतो, तो करणाऱ्यापर्यंत पोचला की वस्तू सुधारते.

आता आमच्या शाखेत आम्ही काय केलं ते सांगतो, कारण ते इथे उपयोगी पडेल. संगणक सुरू झाल्यावर आम्ही लेजर लगेच बंद केली नाहीत. काही आठवडे दोन्ही चालवलं. दिवसभराचं काम वहीतही आणि यंत्रातही. संध्याकाळी दोन्ही जुळवायचं. फरक आला की कंपनीचा मुलगा आणि आमचा क्लार्क शेजारी शेजारी बसून शोधायचे. कधी यंत्राची चूक निघायची, कधी माणसाची. त्या शोधाशोधीत त्या मुलाला बँक कळली आणि आमच्या क्लार्कला संगणक कळला. कुठल्याही ट्रेनिंगमध्ये कळलं नसतं इतकं. कंपनीच्या एका हुशार मुलाने तर पहिला आठवडा काहीच लिहिलं नाही, तो नुसता काउंटरमागे स्टूल टाकून बसला आणि बघत राहिला. त्याने केलेल्या स्क्रीनबद्दल कधी तक्रार आली नाही.

म्हणून एप्रिलच्या आधी मला दोन्ही बाजूंना थोडं सांगायचं आहे.

आधी माझ्या वयाच्या मंडळींना. "चालत नाही" ही तक्रार नव्हे. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलं तर तो काय औषध देणार? कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं होतं, हे सांगावं लागतं. तसंच इथे सांगा : मी काय करायला गेलो, कुठलं बटण दाबलं, स्क्रीनवर काय आलं, आणि मला काय यायला हवं होतं. जमल्यास स्क्रीनचा फोटो काढा, नाही जमला तर शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवून घ्या. आपल्याला कामाची सवय आहे, नोंद ठेवायची शिस्त आहे. तीच इथे वापरायची. आणि "आम्हाला नाही जमत" असं म्हणून फोन नातवाच्या हातात देऊ नका. पिन तर त्यालाही देऊ नका!

आता तरुण मंडळींना. तुम्ही आम्हाला शिकवता तेव्हा फोन आमच्या हातातून काढून घेता, तुमची बोटं सरसर फिरतात आणि मग विचारता, "कळलं का?" आम्ही "हो" म्हणतो. पुन्हा विचारायचा संकोच वाटतो म्हणून म्हणतो, कळलेलं नसतं. त्याऐवजी फोन आमच्याच हातात ठेवा आणि म्हणा, "आता तुम्ही करून दाखवा." आम्ही कुठे अडखळतो ते बघा. जिथे तीन म्हातारे एकाच जागी अडखळतात तिथे म्हाताऱ्यांना दोष देऊ नका, ती जागा दुरुस्त करा. तुमच्या ऑफिसात यासाठी पैसे मोजून माणसं आणत असाल, इथे कट्ट्यावर आम्ही फुकट बसलेलो आहोत. चहा तेवढा पाजा.

आणि ज्यांचा विचार दोघंही करत नाहीत, त्या वॉचमनदादांचा आणि घरकामाला येणाऱ्या ताईंचा. गेटवरची नोंद ॲपवर गेली की सगळ्यांत जास्त वेळ ते यंत्र वॉचमनच्या हातात असणार. दूधवाला कोण, कोणत्या आजींकडे सकाळी नर्स येते, हे त्याच्या डोक्यात असतं, पण ॲपला ते माहीत नसतं. त्याला आधी विचारा. आपल्यापैकी कोणाचा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असला तर नर्सने गेटवर किती वेळ थांबायचं, हे आजच ठरवा.

कार्यकारिणीला तीन विनंत्या करतो. एक, एप्रिलपासून निदान तीन महिने दोन्ही चालू ठेवा : ॲपही आणि नोटीस बोर्ड व तक्रारवहीही. सर्वसाधारण सभेची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी प्रत्येक सभासदाला मिळाली पाहिजे, आणि ज्याने ॲप उघडलंच नाही त्याला ती मिळाली असं मनाने तरी धरता येणार नाही. दोन, दोन तरुण, दोन ज्येष्ठ आणि एक वॉचमन अशी पाच जणांची छोटी समिती करा. तिने दर रविवारी अर्धा तास बसून आठवड्याच्या अडचणी पाहायच्या आणि ॲपवाल्या कंपनीला लेखी कळवायच्या. तीन, ॲपवरचे मराठी शब्द आपण स्वतः वाचून बदलून घ्या. या कामासाठी आपल्या निवृत्त शिक्षिका भगिनी तयार आहेत, मी त्यांना विचारूनच बोलतोय.

मित्रहो, पंचवीस वर्षांपूर्वी पाण्याचा टँकर आला की आपण सगळे बादल्या घेऊन खाली उतरायचो. तेव्हा कोण इंजिनिअर, कोण क्लार्क, याचा विचार कोणी केला नाही. एकमेकांची बादली उचलली. आता अडचण वेगळी आहे, पण उपाय तोच आहे. एप्रिलमध्ये एकाही आजीने "हे आपल्यासाठी नाही" असं म्हणून दार लावून घेऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

मुलांनो, तुमची पाळी आली. आपल्या सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवाला तुम्ही या व्यासपीठावर असाल, तेव्हा तुम्हाला न कळणारं काहीतरी यंत्र नक्की आलेलं असेल. तोपर्यंत ही चांगली रीत पाडून ठेवा.